साइड-स्क्रोलर गेमचे जग आपोआप तयार करताना आधी काय ठरवावे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण आणि आपले एक मित्र मिळून गोडो या गेम तयार करण्याच्या इंजिनमध्ये साइड-स्क्रोलर गेम (ज्यात जग बाजूने दिसते आणि खेळाडू डावी-उजवीकडे सरकतो) तयार करत आहात. खेळाडू हा शिकाऊ मांत्रिक आहे, त्याने जगात विखुरलेले नऊ मंत्र शोधायचे आहेत, आणि प्रत्येक नव्या डावात पर्लिन नॉइजच्या (गुळगुळीत चढउतारांचे रँडम आकडे देणाऱ्या पद्धतीच्या) आधारे जग नव्याने घडते. आपल्या दोन तक्रारी आहेत. मित्रमंडळींना खेळायला दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत ते “सगळीकडे सारखंच आहे” असे म्हणून थांबतात, ही पहिली. दुसरी अशी की अधूनमधून जग असे तयार होते की पाणी गोठवण्याचा मंत्र तळ्याच्या पलीकडे पडलेला असतो, आणि तळे ओलांडायला नेमका तोच मंत्र लागतो. यावर पर्लिनऐवजी दुसरे कोणते अल्गोरिदम घ्यावे, आणि बायोम (जंगल, वाळवंट असे जगातले प्रदेश) पाचांवरून बारा केले तर फरक पडेल का, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात गेली चौदा वर्षे गेम तयार करण्याचे काम करतो, आणि त्यांपैकी दोन गेम आपल्यासारखेच, आपोआप घडणाऱ्या जगाचे होते. त्या अनुभवावरून सांगतो की या दोन्ही तक्रारींचा नॉइजशी फारसा संबंध नाही. त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते कामाच्या क्रमात आहे. आपण आधी जमीन तयार करता आणि मग तिच्यावर मंत्र टाकता. त्यामुळे जमिनीला मंत्रांची माहिती नसते आणि मंत्रांना जमिनीची. अशा जगात खेळाडूला पुढे काय असेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि जिथे अंदाज बांधता येत नाही तिथे शोध होत नाही, फक्त चालणे होते. बायोम बारा केलेत तर तेच चालणे बारा रंगांत होईल.

पुढे जे सांगणार आहे त्यातले काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. एक डाव अर्ध्या तासाचा आहे की खेळाडू एकाच जगात महिनाभर राहणार आहे, यावरून बरेच ठरते. स्पेलंकीसारख्या छोट्या डावाच्या गेममध्ये खेळाडू मरतो, नवे जग मिळते आणि त्याने शिकलेले पुढच्या डावात कामी येते. टेरारियासारख्या गेममध्ये जग एकदाच घडते आणि मग खेळाडू त्यात घर बांधून राहतो. दुसरा मुद्दा जमीन फोडता येते की नाही हा. खोदण्याचा मंत्र पहिल्याच अर्ध्या तासात मिळत असेल, तर आपण घातलेला कोणताही अडथळा टिकणार नाही आणि माझ्या सल्ल्यातला मोठा भाग गैरलागू ठरेल. आपल्या वर्णनावरून जमीन टणक आहे आणि डाव सहा-सात तासांचा आहे असे धरून लिहितो. तसे नसल्यास जरूर कळवावे.

दुसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिला निश्चित उत्तर आहे. जमीन तयार करण्यापूर्वी जगाचा एक सांगाडा तयार करावा. या सांगाड्यात टाइल (जमिनीचे छोटे चौकोनी तुकडे) नसतात, डोंगर नसतात. फक्त ठिकाणे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा असतात, आणि काही वाटांवर “इथून जायला अमुक मंत्र लागतो” अशी नोंद असते. आपल्या नऊ मंत्रांसाठी तीस-चाळीस ठिकाणे पुरेशी आहेत. मंत्र या सांगाड्यावर ठेवायचे, आणि ठेवण्याची पद्धत उलटी असावी. खेळाडूजवळ नऊही मंत्र आहेत असे आधी धरावे. त्यातून एक मंत्र काढून घ्यावा, समजा गोठवण्याचा. उरलेल्या आठांच्या बळावर सुरुवातीच्या गावातून कुठेकुठे पोहोचता येते ते मोजावे आणि त्यांपैकी एका रिकाम्या ठिकाणी गोठवण्याचा मंत्र ठेवावा. मग दुसरा मंत्र काढावा, आणि उरलेले सात अधिक वाटेत आधीच ठेवलेला मंत्र सापडत असेल तर तो, इतक्यांच्या बळावर पुन्हा मोजावे. असे करत हात रिकामा झाला की जग सोडवता येण्याजोगे आहे याची खात्री आपोआप मिळते, कारण प्रत्येक मंत्र त्याच्याशिवाय पोहोचता येईल अशाच जागी ठेवलेला असतो. जुन्या गेममधल्या वस्तूंची अदलाबदल करून खेळणाऱ्या रँडमायझरवाल्यांनी ही पद्धत चांगलीच घासून पक्की केली आहे. गावापासून सुरू करून पुढे पुढे मंत्र ठेवत गेल्यासही सुटणारे जग मिळते, पण त्यात वाटणी एकीकडे झुकते, असा माझा अनुभव आहे.

यात एक अट आहे, ती नीट पाहावी. मिळालेला मंत्र पुन्हा जाता कामा नये. मंत्र तीनदा वापरल्यावर संपतो, किंवा एक घेतला की दुसरा टाकावा लागतो, असा नियम ठेवलात तर वरचा हिशेब कोसळतो. नऊ मंत्रांचे संच ५१२ होतात, आणि प्रत्येक ठिकाणी खेळाडू कोणता संच घेऊन उभा असेल याचा वेगळा विचार करावा लागतो. हे अशक्य नाही. पण दोन माणसांच्या चमूने पहिल्याच गेममध्ये ते अंगावर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सांगाडा तयार झाल्यावर तो जमिनीवर उतरवायचा. इथे डेरेक यू यांच्या स्पेलंकीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. त्यातली एक पातळी म्हणजे चार गुणिले चार अशा सोळा खोल्यांची चौकट असते आणि प्रत्येक खोली दहा टाइल रुंद व आठ टाइल उंच असते. प्रोग्रॅम आधी वरच्या ओळीतून खालच्या ओळीपर्यंत एक वाट आखतो आणि त्या वाटेवरच्या खोल्यांना हाताने तयार केलेल्या साच्यांतून योग्य बाजूंनी उघडे असलेले साचे देतो. त्यामुळे बाँब किंवा दोर न वापरताही दारापर्यंत जाता येईल अशी एक वाट नक्की असते. बाकीच्या खोल्या कशाही असल्या तरी चालतात, आणि तिथेच खजिना लपवता येतो. २००८ साली फुकट प्रसिद्ध झालेल्या या छोट्या गेमची रचना आजही शिकवते, कारण तिच्यात “वाट आधी, सजावट नंतर” हा क्रम कधीच मोडत नाही.

आता पहिल्या तक्रारीकडे येतो. ती अधिक अवघड आहे आणि मला अधिक जवळची आहे.

पुण्यात वाढलेल्यांना कात्रजच्या पाण्याची गोष्ट माहीत असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव जलवाहिनी आणली गेली आणि तिचे पाणी शहरातल्या हौदांत खेळवले गेले. ही वाहिनी जमिनीवरून दिसत नाही. पण तिच्या वाटेवर ठिकठिकाणी हवा बाहेर पडण्यासाठी दगडी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे काय हे एकदा कळले, की वस्तीत कुठेतरी एकटाच उभा असलेला दगडी खांबासारखा भाग पाहून माणूस थबकतो आणि आपल्या पायाखालून काय जात होते याचा विचार करू लागतो. दोन उच्छ्वास दिसले की तिसरा कुठे असेल याची दिशा मनात तयार होते. आपल्या गेममध्ये नेमके हेच हवे आहे. भूमिगत गोष्ट वर खूण सोडते, खेळाडू खुणेचा अर्थ शिकतो, आणि पुढची खूण दिसताच तो स्वतःहून अंदाज बांधतो.

आमच्या दुसऱ्या गेममध्ये आम्ही हा नियम शब्दशः घेतला. जनरेटरने, म्हणजे जग घडवणाऱ्या प्रोग्रॅमने, जमिनीखाली महत्त्वाची गुहा ठेवली, की तिच्या बरोबर वर नव्हे तर थोडे बाजूला, वाऱ्याच्या दिशेला, एक दगडी उच्छ्वास उभा राहायचा, आणि त्याच्या तोंडाशी पडलेली पाने दर काही सेकंदांनी बोटभर वर उचलली जायची. बस, एवढेच. ना बाण, ना चमकणारे चिन्ह, ना नकाशावर ठिपका. कर्वे रस्त्यावरच्या आमच्या तेव्हाच्या कार्यालयात एका सहकाऱ्याची अकरा वर्षांची मुलगी शनिवारी दुपारी तो गेम खेळत होती. पहिल्या दोन उच्छ्वासांजवळून ती सरळ पुढे गेली. तिसऱ्याजवळ पोहोचली तेव्हा तिच्याकडे नुकताच वाऱ्याचा मंत्र आला होता. पाने उचलली गेली, ती थांबली, दोन पावले मागे आली आणि पुन्हा पाने उचलली जाईपर्यंत तिने वाट पाहिली. मग तिने कीबोर्डवरून हात न काढता वडिलांना सांगितले, “बाबा, हे खालून श्वास घेतंय.” तिने वाऱ्याचा मंत्र उच्छ्वासात सोडला, पलीकडे जमिनीतून धूळ उडाली, आणि धूळ उडाली तिकडे ती धावत सुटली. वाटेत मागे राहिलेले दोन उच्छ्वास आठवून, गुहा पाहून झाल्यावर, ती आपणहून परतही गेली. ते सगळे जग रँडम होते आणि तो सीड (ज्या मूळ आकड्यावरून एक जग घडते तो) आमच्यापैकी कोणीही त्याआधी पाहिला नव्हता. तरीही तिला तिथे कोणाचा तरी हेतू जाणवला, कारण नियम आमचा होता आणि तिने तो ओळखला होता.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक कुलपाला (म्हणजे ठराविक मंत्राशिवाय न ओलांडता येणाऱ्या अडथळ्याला) आणि प्रत्येक गुपिताला दुरून दिसणारी एक आणि जवळ गेल्यावर कळणारी एक, अशा दोन खुणा असाव्यात, आणि त्या सांगाड्यातूनच जन्माला याव्यात. जमीन तयार झाल्यावर हाताने लावलेल्या खुणा पुढच्या सीडमध्ये उपयोगी पडत नाहीत. जनरेटरला माहीत असते की या वाटेवर गोठवण्याचे कुलूप आहे. तेव्हा तळ्याच्या अलीकडे दोन पडदे (स्क्रीन) आधीपासून काठाचे गवत कडक, पांढुरके दिसू द्यावे. खेळाडूजवळ तो मंत्र नसला तरी जागा त्याच्या लक्षात राहते, आणि चार तासांनी मंत्र मिळाल्यावर त्याला ते गवत आठवते. परत जाण्याची ही ओढ हा या प्रकारच्या खेळाचा जीव आहे.

याच ओघात मंत्रांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. आपण दिलेल्या यादीतले अग्निबाण, हिमबाण, वीज, विषबाण, प्रकाशबाण आणि छायाबाण हे सहाही मंत्र समोरच्या शत्रूला इजा करतात आणि दुसरे काहीच करत नाहीत. खेळाडूच्या दृष्टीने हा एकच मंत्र आहे. जगाशी बोलणारे मंत्र आपल्याकडे फक्त तीन आहेत: गोठवणे, वारा आणि उंच उडी. शोधाच्या गेममध्ये प्रत्येक मंत्राने जमिनीत, पाण्यात, झाडात किंवा उजेडात काहीतरी बदल घडवायला हवा. अग्निबाणाने वाळलेल्या वेली जळाव्यात आणि त्यांनी झाकलेले भुयाराचे तोंड उघडे पडावे. विजेने पाण्यातून प्रवाह जावा आणि दूरचे दार उघडावे. प्रकाशाने अंधारात वाढणारी बुरशी मिटावी आणि तिच्यावर पाय ठेवता यावा. इजा करणे हा त्याच मंत्राचा दुसरा उपयोग राहू दे. फिनलंडच्या नोला गेम्सचा २०२० साली पूर्ण स्वरूपात आलेला नोइटा पाहिलात तर ही कल्पना टोकाला नेलेली दिसेल: तिथे पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल एक पदार्थ आहे, तेल पेटते, पाणी वाहते, आणि छडीतले मंत्र एकमेकांत जोडून खेळाडू स्वतःची जादू रचतो. तिथे जवळपास सगळे जग फोडता येते, त्यामुळे कुलूप-किल्लीचा खेळच वेगळा होतो. आपण तेवढे खोल जाऊ नये. पाणी, लाकूड, वेल, दगड आणि हवा इतके पाच पदार्थ आणि त्यांच्यावर नऊ मंत्रांचा परिणाम दाखवणारा एक कागदी तक्ता एवढे पुरे आहे. त्या तक्त्यात ज्या मंत्राची ओळ रिकामी राहील तो मंत्र काढून टाकावा.

इथपर्यंतचे एका दमात सांगायचे तर: आधी सांगाडा, मग त्यावर मंत्र, मग त्यातून खुणा, आणि सर्वांत शेवटी जमीन. नॉइजची पाळी आता येते.

नॉइज वाईट नाही. केन पर्लिन यांनी तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपटांतल्या पृष्ठभागांना नैसर्गिक पोत देण्यासाठी तयार केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ साली तांत्रिक कामगिरीचा ऑस्कर मिळाला. पोत देणे हे त्याचे बलस्थान आहे, रचना देणे हे नाही. शिवाय साइड-स्क्रोलरमध्ये आपण जमीन वरून पाहत नाही, तिचा उभा छेद पाहतो, आणि एका रेषेवर लावलेला नॉइज सगळीकडे तशाच गुळगुळीत टेकड्या देतो. मित्रांची “सारखंच आहे” ही तक्रार डोळ्यांना इथूनही जाणवत असणार. उभा छेद कसा असतो हे पाहायचे असेल तर पुण्याबाहेर कोणत्याही घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा पाहावा. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरलेले दिसतात, मधूनमधून लाल मातीचा पट्टा दिसतो, आणि त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा होतो: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. पावसाळ्यानंतर पाणी बहुधा थरांच्या सांध्यावर पाझरते, म्हणून जुने भटके लोक हिरवळीच्या पट्ट्यावरून पाण्याचा अंदाज घेतात. नॉइजमधून आलेली उंची थरांच्या पायऱ्यांत बसवून पाहावी, थरांचे सांधे निश्चित करावेत, आणि झरे, गुहा व वेली फक्त सांध्यांवरच येऊ द्याव्यात. हा दीड दिवसाचा बदल आहे आणि तो केल्यावर जमिनीलाही खेळाडूला शिकता येईल असा नियम मिळतो. पायरीची उंची मात्र उडीवरून ठरवावी. साधी उडी तीन टाइलची असेल तर दोन टाइलची पायरी ही वाट आहे आणि पाच टाइलची पायरी हे कुलूप आहे. तीन-साडेतीनच्या आसपासची पायरी जनरेटरला कधीच करू देऊ नये, कारण तिथे खेळाडू वीस वेळा उडी मारतो आणि आपल्यालाच खेळता येत नाही असे समजून गेम बंद करतो.

तांत्रिक बाबींपैकी एकच महत्त्वाची सांगतो, कारण तिच्यामुळे आमचे तीन आठवडे वाया गेले होते. भूभाग, मंत्रांच्या जागा आणि सजावट यांच्यासाठी रँडम आकड्यांचे तीन वेगळे प्रवाह ठेवावेत, प्रत्येकाचा सीड मूळ सीडवरून काढावा. आम्ही सुरुवातीला एकच प्रवाह वापरला होता. एका सहकाऱ्याने गवताचा एक नवा प्रकार घातला, त्याने एक रँडम आकडा जास्त खर्च झाला, आणि त्यानंतरचे सगळे जग बदलले. तपासून ठेवलेला प्रत्येक सीड निरुपयोगी झाला आणि जुने बग पुन्हा घडवून पाहणे अशक्य झाले. तसेच जगाचा तुकडा खेळाडू कोणत्या बाजूने आला यावर अवलंबून राहू नये. तुकड्याचे निर्देशांक आणि सीड यांवरूनच त्याचा आकडा काढावा.

शेवटी विस्ताराविषयी, कारण आपण “अनंत जग” असा शब्द वापरला आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी एलिट हा अंतराळ प्रवासाचा गेम तयार केला तेव्हा त्यांच्या पद्धतीने दोनचा अठ्ठेचाळिसावा घात इतक्या आकाशगंगा निर्माण होऊ शकत होत्या. प्रकाशकाने ते नको म्हटले, कारण इतक्या मोठ्या आकड्याने जग यंत्राने केले आहे हे उघडे पडले असते. गेममध्ये प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठच आकाशगंगा ठेवल्या गेल्या. संशोधक केट कॉम्प्टन यांनी ओटमीलच्या (ओट्सच्या लापशीच्या) दहा हजार वाडग्यांचे उदाहरण दिले आहे: प्रत्येक वाडग्यातला कण न् कण वेगळा असला तरी खाणाऱ्याला तो ओटमीलचा आणखी एक वाडगाच वाटतो. आपले जग डावीकडून उजवीकडे साधारण चाळीस मिनिटांत चालून होईल इतकेच ठेवावे आणि त्याला दोन्हीकडे कडा असाव्यात. परत जाणे परवडले पाहिजे, नाहीतर ते पांढुरके गवत आठवूनही खेळाडू परतणार नाही.

या आठवड्यात नवा बायोम घालू नये आणि नॉइजला हात लावू नये. गोठवण्याचा मंत्र तळ्यापलीकडे पडला होता तो सीड जपून ठेवला असेल, तर त्या जगाचा सांगाडा हाताने कागदावर काढावा: ठिकाणे, वाटा, आणि प्रत्येक वाटेवर कोणता मंत्र लागतो. माझा कयास असा की तीस वाटांपैकी पंचवीस वाटांवर कोणताच मंत्र लिहावा लागणार नाही. तो कागद आणि पदार्थांचा तक्ता यांचे फोटो इथे टाकलेत, तर कोणती कुलपे कुठे घालता येतील ते मी त्यावरच खुणा करून दाखवीन.